गणवेश एक, कागद चार: अ‍ॅप्रेंटिस, ट्रेनी, इंटर्न आणि कामगार

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची मुदत संपलेले तरुण "आता आम्हाला कायम करा" म्हणत मोर्चे काढतात, तेव्हा दोन तट पडतात. एक म्हणतो, इतके महिने कार्यालयात राबले, घ्या की त्यांना. दुसरा म्हणतो, प्रशिक्षण होतं, नोकरी नव्हती, मग मागणी कसली? घरोघरी या वादात एक गोष्ट हमखास विसरली जाते. चाकण, वाळूज, सातपूर किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात शेजारी शेजारी उभे असलेले चार जण एकच काम करत असले, तरी कायद्याच्या नजरेत ते चार वेगळे प्राणी असू शकतात. कुणाला काय मिळणार, अपघात झाला तर कोण जबाबदार, पुढे कोणतं प्रमाणपत्र हातात येणार, हे सहसा काम पाहून ठरत नाही. रुजू होताना सही केलेल्या कागदावरून ठरतं.

लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या बादल्या घेऊन फिरणाऱ्यांत एक घरचा भाचा असतो, एक केटररचा रोजंदारीचा माणूस आणि एक आचाऱ्याकडे शिकायला राहिलेला पोरगा. जेवणाऱ्याला तिघे सारखेच दिसतात, पण पंगत उठल्यावर कोण कुणाकडे पैसे मागणार याचं उत्तर तिघांसाठी वेगळं असतं. कारखान्यातही तेच.

चौघे कोण?

पहिला कामगार. त्याला वेतन मिळतं, किमान वेतनाचा कायदा लागू असतो, भविष्य निर्वाह निधी म्हणजे पीएफ कापला जातो. ठेकेदारामार्फत आलेला असला तरी तो कामगारच, फक्त त्याचा मालक ठेकेदार असतो.

दुसरा शिकाऊ उमेदवार, म्हणजे आपल्या बोलण्यातला अ‍ॅप्रेंटिस. हा शब्द आपण कुणालाही लावतो, पण खरा अ‍ॅप्रेंटिस तोच, ज्याचा शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ खाली नोंदवलेला करार आहे. त्याला मिळतं ते वेतन नव्हे, विद्यावेतन (स्टायपेंड).

तिसरा योजनेतला प्रशिक्षणार्थी किंवा इंटर्न. राज्याची युवा कार्य प्रशिक्षण योजना २०२४ च्या जुलैत सुरू झाली. लोकांनी तिला "लाडका भाऊ" असं नाव देऊन टाकलं. केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये प्रायोगिक तत्त्वावर आली. या दोन्ही योजना सरकारच्या आदेशाने चालतात, १९६१ च्या कायद्याने नव्हे.

चौथा ट्रेनी. कंपनीने किंवा मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीने आपल्या लेटरहेडवर पत्र दिलं, त्यात "ट्रेनी" लिहिलं, बस. यामागे कुठलाच विशेष कायदा नसतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात मधली काही वर्षं "नीम ट्रेनी" (नीम म्हणजे नॅशनल एम्प्लॉयबिलिटी एन्हान्समेंट मिशन) हा प्रकार जोरात होता. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१३ च्या नियमांवर तो उभा होता. परिषदेने नंतर ते दार बंद केलं, पण "ट्रेनी" म्हणून भरती करायची सवय मात्र राहिली.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो दुसऱ्या आणि चौथ्यात.

करार क्रमांक आहे का, एवढं एकच विचारा

रुजू होताना "अ‍ॅप्रेंटिस म्हणून घेतोय" असं सांगितलं, तर पहिला प्रश्न हा असावा: करार क्रमांक कधी मिळेल? आयटीआय, दहावी, बारावी आणि कौशल्य प्रमाणपत्रवाल्यांचे करार अ‍ॅप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर तयार होतात. पदविका आणि पदवीधारकांचे बहुतेक करार नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजना) या दुसऱ्या पोर्टलवर होतात. आधी तुमची नोंदणी होते, मग आस्थापना (कारखाना, दुकान, कार्यालय, काहीही) तुम्हाला संधी देते, तुम्ही ती स्वीकारता, मग करार तयार होतो आणि त्याला क्रमांक पडतो. हा करार तुमच्या लॉगिनमध्ये दिसतो. तो पीडीएफ म्हणून उतरवून घ्या आणि त्यातल्या चार जागा वाचा: आस्थापनेचं नाव, व्यवसायाचं नाव, सुरू आणि संपण्याची तारीख, विद्यावेतनाचा आकडा.

आस्थापनेच्या नावाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तसा नाही. उमेदवार गोळा करून देणाऱ्या मध्यस्थ संस्थांना योजनेत मान्यता आहे. त्यामुळे भरतीचा फोन तिसऱ्याच शहरातल्या एजन्सीकडून येऊ शकतो, त्यात गैर काही नाही. पण करारात ज्या कारखान्यात तुम्ही प्रत्यक्ष उभे राहणार त्याचंच नाव हवं. ते नसेल तर अपघाताच्या दिवशी एजन्सी आणि कारखाना दोघेही हात वर करतात.

व्यवसायाचं नाव म्हणजे ट्रेड. जोडारी (फिटर), कातारी (टर्नर), संधाता (वेल्डर), वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन), तारतंत्री (वायरमन) हे आयटीआयवाल्यांच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. सरकारने ठरवून दिलेले असे व्यवसाय "निर्देशित" म्हणवतात. २०१४ च्या दुरुस्तीनंतर उद्योगांना स्वतःचे "पर्यायी" व्यवसायही आखता येतात. किरकोळ विक्री, गोदाम, रुग्णालयातलं मदतनीसाचं काम अशी क्षेत्रं त्यामुळेच यात आली. मुदत साधारण सहा महिने ते तीन वर्षं. तुम्ही वीजतंत्री आणि करारात "पॅकिंग" लिहिलं असेल, तर सही करू नका. वर्षभर पॅकिंगच करावं लागेल आणि प्रमाणपत्रावरही तेच येईल.

नोंदणीच्या वेळी महाराष्ट्रातल्या मुलांचं हमखास अडतं ते नावात. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर पहिलं नाव आधी, बँकेत वडिलांच्या नावाचं फक्त आद्याक्षर. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा गुंता आणखी वेगळा. पोर्टल आधारवरून माहिती उचलतं आणि पुढे प्रमाणपत्र त्याच नावाने छापलं जातं. म्हणून आधार दुरुस्ती आधी, नोंदणी नंतर. उलट क्रमाने गेलात तर प्रमाणपत्रावरचं नाव बदलून घेण्यात महिने जातात.

पैसे किती, आणि ते दोन तुकड्यांत का येतात?

२०१९ च्या नियमांनुसार विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे ठरते: पाचवी ते नववी ५,००० रुपये, दहावी ६,०००, बारावी किंवा आयटीआय ७,०००, पदविका ८,०००, पदवी ९,०००. दुसऱ्या वर्षी त्यात दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी आणखी पंधरा टक्के वाढ. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने हा पट्टा ६,८०० ते १२,३०० करावा अशी शिफारस केली. सही करायच्या दिवशी पोर्टलवरचा चालू दर पाहून घ्या. आणि ही किमान रक्कम आहे. चांगल्या कंपन्या त्याहून बरीच जास्त देतात, त्यामुळे "सरकारी रेट एवढाच आहे" असं कुणी सांगितलं तर ते अर्धसत्य आहे.

आता हिशेब. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत सरकार विद्यावेतनाच्या २५ टक्के वाटा उचलतं, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये. आयटीआयवाल्याच्या ७,००० चे २५ टक्के होतात १,७५०. मर्यादा १,५०० ची, म्हणून कंपनी ५,५०० देते आणि सरकार १,५००. पूर्वी कंपनी सगळे पैसे देऊन सरकारकडून परतावा मागायची. २०२३ पासून सरकारचा वाटा थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. पदवीधर आणि पदविकाधारकांच्या नॅट्स योजनेत सरकारचा वाटा किमान रकमेच्या निम्मा.

पहिल्याच महिन्यात "कंपनीने दीड हजार खाल्ले" अशी ओरड होते ती यामुळे. कंपनीचा वाटा पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत यायला हवा, तसा नियमच आहे. सरकारचा वाटा कंपनीने पोर्टलवर भरणा दाखवल्यावर सुटतो, म्हणून मागून येतो. दोन महिने वाट पाहूनही आला नाही, तर बहुधा कारण तुमच्या बँकेत असतं. थेट लाभाचे पैसे तुम्ही लिहून दिलेल्या खाते क्रमांकावर जात नाहीत. ज्या बँकेशी तुमचा आधार सगळ्यात शेवटी जोडला गेला, तिकडे जातात. सिम घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं पेमेंट बँकेचं खातं किंवा कधीतरी उघडलेलं शून्य शिलकीचं खातं, पैसे तिथे पडून असल्याचं अनेकदा आढळतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती पाहता येते. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते नोंदणीच्या दिवशीच करावं.

राज्याच्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेचा हिशेब सोपा आहे: बारावी ६,०००, आयटीआय किंवा पदविका ८,०००, पदवी किंवा त्यापुढे १०,००० रुपये, सगळे राज्य सरकारकडून. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचं अधिवास, नोंदणी राज्याच्या महास्वयम या रोजगार पोर्टलवर. सुरुवातीची मुदत सहा महिने होती, नंतर पाच महिने वाढवून अकरा झाली. पंतप्रधान इंटर्नशिप योजनेच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत महिन्याला ५,००० रुपये (४,५०० सरकारचे, ५०० कंपनीचे) आणि रुजू होताना एकदाच ६,०००. वयाची अट तेव्हा २१ ते २४.

"२४० दिवस भरले की कायम करावंच लागतं ना?"

हा समज इतका पक्का आहे की वडीलधारे मुलाला तोच सल्ला देतात: गप राहा, २४० दिवस भरू दे. समजाला मूळ आहे. महाराष्ट्रातल्या औद्योगिक आस्थापनांसाठीच्या आदर्श स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींच्या नमुना नियमांत) बदली, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी येणाऱ्या, किंवा तात्पुरत्या कामगाराने वर्षभरात २४० दिवस भरले तर त्याला कायम करावं अशी तरतूद होती. औद्योगिक विवाद कायद्यातही २४० दिवसांचा उल्लेख होता, पण तो कायम करण्यासाठी नव्हता. कामावरून कमी करताना नोटीस आणि भरपाई द्यावी, एवढाच त्याचा अर्थ होता.

दोन्ही ठिकाणी अट एकच: माणूस कामगार असला पाहिजे. १९६१ च्या कायद्याचं अठरावं कलम स्पष्ट म्हणतं की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांनी कामगाराची व्याख्या करतानाही नोंदणीकृत अ‍ॅप्रेंटिसला बाहेर ठेवलं आहे. म्हणून त्याने २४० काय, ७०० दिवस भरले तरी त्यातून हक्क तयार होत नाही.

इथे एक गंमत आहे, आणि ती कंपन्यांना फार आवडत नाही. कायद्याने बाहेर ठेवलंय ते नोंदणीकृत अ‍ॅप्रेंटिसला. नुसत्या लेटरहेडवरच्या "ट्रेनी"ला नाही. अशा ट्रेनीकडून नियमित उत्पादन करून घेतलं, टार्गेट दिलं, तिन्ही शिफ्ट लावल्या आणि शिकवण्याचा कुठलाच आराखडा नसला, तर न्यायालय पदनाम बाजूला सारून कामाचं स्वरूप बघतं. म्हणजे कागदावर सगळ्यात दुबळा दिसणारा चौथा माणूस भांडायला उभा राहिला तर कधी कधी दुसऱ्यापेक्षा, म्हणजे नोंदणीकृत शिकाऊ उमेदवारापेक्षा, बळकट ठरतो. अर्थात त्यासाठी हजेरीची नोंद, शिफ्टचे मेसेज, गेटपासच्या प्रती, बँकेचं विवरण असा पुरावा लागतो. तो आजपासून जपायचा असतो.

सरकारी कार्यालयातल्या प्रशिक्षणार्थींचं प्रकरण आणखी वेगळं. सरकारी पद भरायचं तर सर्वांना अर्जाची समान संधी द्यावी लागते, हे राज्यघटनेच्या १४ आणि १६ व्या अनुच्छेदांतून येतं. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की रीतसर भरतीशिवाय आलेल्या तात्पुरत्या माणसाला केवळ काम केलं म्हणून कायम होण्याचा हक्क मिळत नाही. दहा-वीस वर्षं राबवून घेतलेल्या हंगामी कर्मचाऱ्यांना अलीकडे न्यायालयाने दिलासा दिला आहे, पण अकरा महिन्यांच्या योजनेला ते लागू करणं कठीण. मागणी करायला हरकत काहीच नाही, ती राजकीय मागणी आहे. ती कायद्याच्या हक्काची आहे असं सांगून कुणी वर्गणी गोळा करत असेल, तर मात्र पावती मागा.

"मग हे स्वस्तात मजूर मिळवायचं साधनच झालं की!"

काही ठिकाणी, होय. नाही म्हणणं अप्रामाणिकपणाचं होईल. कंपनीचा पीएफचा खर्च वाचतो, किमान वेतन द्यावं लागत नाही आणि मुदत संपली की माणूस आपोआप बाहेर. मोह होतो.

पण कायद्याने या मोहाला काही कुंपणं घातली आहेत आणि ती माहीत नसल्यानेच पायदळी तुडवली जातात. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अ‍ॅप्रेंटिस घ्यावेच लागतात, त्याहून जास्त घेता येत नाहीत. दोनशे माणसांच्या कारखान्यात किमान पाच, कमाल तीस. मोजताना ठेकेदाराची माणसंही धरतात. तिथे साठ-सत्तर "अ‍ॅप्रेंटिस" दिसत असतील, तर त्यातल्या निम्म्यांचे करारच नसणार हे ओळखावं. चार ते एकोणतीस माणसं असलेल्या लहान जागी अ‍ॅप्रेंटिस घेणं ऐच्छिक आहे.

विद्यावेतन नगावर देता येत नाही. म्हणजे इतके पीस काढले तर इतके पैसे, हे अ‍ॅप्रेंटिसला लागू करणं बेकायदा. त्याला उत्पादन-बोनसच्या योजनेतही ओढता येत नाही. जादा तास काम करून घ्यायचं तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याची) परवानगी हवी, आणि ती प्रशिक्षणासाठी किंवा सार्वजनिक हितासाठी गरज असेल तरच मिळते. व्यवसायाशी संबंध नसलेलं काम लावणं हाही गुन्हाच. वीजतंत्र्याला महिनाभर बॉक्स उचलायला लावलं तर ते या कलमात बसतं. दंड मात्र प्रत्येक प्रसंगाला जास्तीत जास्त १,००० रुपये, म्हणजे मोठ्या कारखान्याच्या दृष्टीने चहापाणी. कायद्याचा हा भाग दात नसलेला आहे आणि तो कुणी धारदार करेल तेव्हा करेल.

तोवर पारख आपणच करायची. शिकवणारी जागा कशी ओळखायची? तिथे कुणीतरी तुमच्यासाठी नेमलेला असतो, त्याचं नाव सांगता येतं. दर महिन्या-दोन महिन्यांनी मशीन किंवा विभाग बदलतो. रोजच्या कामाची नोंदवही ठेवायला लावतात आणि तिच्यावर सही होते. राबवणाऱ्या जागी पहिल्या आठवड्यात एकाच स्टेशनवर उभं करतात आणि अकराव्या महिन्यातही तुम्ही तिथेच असता. मुलाखतीत "पहिले तीन महिने कोणत्या विभागात असेन?" एवढंच विचारून बघा. समोरच्याला उत्तर येत नसेल तर पुढचं विचारायची गरज पडत नाही.

अपघात झाला तर?

अ‍ॅप्रेंटिस कामगार नाही म्हणून त्याचा हात गेला तर काहीच मिळणार नाही, ही अफवा आहे आणि घातक आहे. कायद्याच्या सोळाव्या कलमाने प्रशिक्षणादरम्यान झालेल्या इजेची भरपाई मालकावर टाकली आहे, कामगाराला मिळते त्याच धर्तीवर. कारखान्यातल्या आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदीही त्याला लागू आहेत: हातमोजे, गॉगल, सेफ्टी शूज, मशीनची गार्ड, सगळं. मात्र ईएसआयचं (कर्मचारी राज्य विम्याचं) कार्ड अशा अ‍ॅप्रेंटिसला मिळत नाही, त्यामुळे अपघाताच्या दिवशी कोणत्या रुग्णालयात नेतात आणि बिल कोण भरतं हे आधी विचारून ठेवायचं. धोकादायक उद्योगात अ‍ॅप्रेंटिससाठी किमान वय १८, एरवी १४.

राज्याच्या योजनेतल्या प्रशिक्षणार्थीला ही १९६१ च्या कायद्याची छत्री नाही. तिथे आस्थापनेने विमा काढलाय का, हे लेखी विचारावं. पंतप्रधान इंटर्नशिपमध्ये सरकारच्या दोन विमा योजनांचा हप्ता सरकार भरतं.

"सात हजारांत बाहेरगावी राहायचं कसं?"

खरं तर हाच सगळ्यात मोठा अडथळा आहे आणि पोर्टलवर त्याचा उल्लेख सापडत नाही. नांदेडच्या किंवा वाशिमच्या मुलाला चाकणला खोली, मेस आणि प्रवास एवढ्यात भागवणं अवघड जातं. मग तो चार महिन्यांत सोडून निघतो आणि हातात काहीच राहत नाही. म्हणून दोन जागांतून निवडताना नुसता विद्यावेतनाचा आकडा पाहू नका. कॅन्टीनमध्ये जेवण सवलतीत मिळतं का, कंपनीची बस कुठून सुटते, किती मुलं एका खोलीत राहतात हे आधीच्या तुकडीतल्या मुलांना विचारा. आठ हजार देणारी पण बस-कॅन्टीन नसलेली जागा सात हजारांच्या जागेपेक्षा महाग पडते. घराजवळचे पर्यायही तपासा. महावितरण, एसटी महामंडळ, रेल्वेच्या कार्यशाळा दरवर्षी अ‍ॅप्रेंटिस घेतात, आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी एसटीचं विभागीय कार्यालय असतं.

आणि कुठेही "नोंदणी फी", "गणवेशाची अनामत", "कन्फर्म जागेसाठी" असे पैसे मागितले तर उठून या. या सगळ्या योजनांच्या पोर्टलवर नोंदणीसाठी उमेदवाराने एक रुपयाही भरायचा नसतो; फक्त रेल्वे, एसटीसारख्यांच्या जाहिरातीत अर्जाचं अधिकृत शुल्क छापलेलं असू शकतं.

मध्येच सोडलं तर?

सोडता येतं, पण नुसतं जायचं बंद करू नका. करार दोन पक्षांतला असतो आणि तो रीतसर संपवावा लागतो, एरवी पोर्टलवर तुमचा जुना करार चालूच दिसत राहतो. दुसऱ्या कंपनीत संधी आली की तिथला करार तयार होत नाही आणि मग जुन्या एचआरच्या मागे फिरावं लागतं, जो तोवर स्वतःच दुसरीकडे गेलेला असतो. सोडण्याचं कारण लिहून ई-मेल करा, पोर्टलवर करार बंद झाल्याचं दिसेपर्यंत पाठपुरावा करा. कारण खरं असेल, म्हणजे विद्यावेतन थकलं, व्यवसायाबाहेरचं काम लावलं, तर ते त्या ई-मेलमध्ये स्पष्ट लिहा. मोघम "वैयक्तिक कारण" लिहिलंत की तुमची तक्रार तिथेच संपली.

प्रमाणपत्राचा खरा उपयोग कुठे होतो?

मुदत पूर्ण केली, परीक्षा दिली, पास झालात, तर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळतं. एचआरने दिलेलं अनुभवपत्र म्हणजे हे नव्हे. अनेक जण ते पत्र फ्रेम करून ठेवतात आणि परीक्षेचा फॉर्म भरायचाच राहतो. परीक्षेसाठी लागणारी माहिती आस्थापनेलाही भरावी लागते, म्हणून शेवटच्या दोन महिन्यांत रोज नव्हे पण आठवड्याला एकदा त्यांना आठवण करा.

याचं वजन कुठे? रेल्वेच्या लेव्हल-१ (सगळ्यात खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा रेल्वेत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी राखीव असतात. सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिरातींत हे प्रमाणपत्र अनेकदा अटीतच असतं. खासगी कंपनीला तुम्हाला नोकरी देणं बंधनकारक नाही, कायद्याने तिला फक्त स्वतःचं भरती धोरण आखायला सांगितलं आहे. ते धोरण काय आहे, गेल्या वर्षी किती जणांना घेतलं, हा प्रश्न मुलाखतीत विचारण्यात उद्धटपणा नाही.

आणखी एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. अ‍ॅप्रेंटिस असताना पीएफ कापला जात नाही, म्हणून पीएफच्या दप्तरी तुम्ही अजून कोरे असता. ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या, महिना एक लाखापर्यंत पगाराच्या माणसाला एका महिन्याच्या पगाराएवढी, जास्तीत जास्त १५,००० रुपयांची रक्कम दोन हप्त्यांत मिळते: सहा महिन्यांनी आणि बारा महिन्यांनी. नोकरी ३१ जुलै २०२७ पर्यंत सुरू झालेली हवी. दुसऱ्या हप्त्यासाठी एक ऑनलाइन आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. अ‍ॅप्रेंटिसशिपमुळे हा लाभ बुडत नाही.

एम्प्लॉयमेंट कार्ड काढून ठेवायचं की नाही?

सेवायोजन कार्यालयं १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना कामं लावून द्यायला सुरू झाली. पुढे ती सगळ्यांसाठी खुली झाली आणि दोन-तीन पिढ्यांनी तिथे रांगा लावून कार्डं काढली, दर तीन वर्षांनी नूतनीकरण केलं आणि कॉल यायची वाट पाहिली. १९५९ च्या कायद्याने मालकांना रिक्त जागा कळवणं सक्तीचं केलं होतं, तिथूनच माणूस घेणं नाही. आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सेवायोजनच्या यादीबाहेरच्यांनाही जाहिरात देऊन संधी द्या. तिथपासून यादीतला क्रमांक हा हक्क राहिला नाही.

आज त्या कार्यालयाचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र, आणि कार्डाच्या जागी महास्वयमची ऑनलाइन नोंदणी. ती करून ठेवा, कारण जिल्ह्यातल्या रोजगार मेळाव्यांचे निरोप आणि राज्याच्या योजना त्यावरूनच येतात. केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) पोर्टल, जे २०१५ पासून आहे, तेही फुकट आहे. पण नोंदणी करून बसून राहणं आणि काम शोधणं यांत आजही तेवढंच अंतर आहे.

तक्रार नेमकी कुठे करायची?

पोलिसांत नाही आणि बहुतेक वेळा कामगार आयुक्तांकडेही नाही, कारण ते म्हणणार, हा कामगार नाही. आयटीआय किंवा दहावी-बारावीवाल्यांच्या करारासाठी शासकीय आयटीआयच्या आवारातलं मूलभूत प्रशिक्षण केंद्र गाठा. पाटी शोधताना "बीटीआरआय" म्हणून विचारलं तर लवकर सापडतं. सहायक शिकाऊ उमेदवारी सल्लागार तिथे बसतात. कंपनी चार किंवा जास्त राज्यांत पसरलेली असेल किंवा केंद्राचा उपक्रम असेल, तर प्रकरण केंद्राच्या मुंबईतल्या प्रादेशिक संचालनालयाकडे जातं. पदवी-पदविकेच्या नॅट्स करारासाठी शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचं पश्चिम विभागाचं कार्यालय, तेही मुंबईतच. युवा कार्य प्रशिक्षण योजनेसाठी जिल्ह्याचं मार्गदर्शन केंद्र. लेटरहेडवरचा ट्रेनी असाल तर मात्र उलट: तुमचा दावाच "मी कामगार आहे" असा असल्याने कामगार आयुक्तांचं कार्यालय हेच तुमचं पहिलं दार.

अर्जात करार क्रमांक, व्यवसाय, कोणत्या महिन्याचं किती विद्यावेतन आलं आणि किती थकलं याचा तक्ता आणि बँक विवरणाची प्रत एवढं लावा. गाऱ्हाणं एका पानात मावलं पाहिजे. आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.